कोन्स मांडणं पुरे झालं, आता टीम मागा

वाचकाचं पत्र

नमस्कार सर,

दहाएक वर्षं मी मुलांना फुटबॉल शिकवलं. एएफसीचं, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचं, प्रशिक्षकाचं बी लायसन्स आहे. माझ्या हाताखालची काही मुलं पुढे मोठ्या क्लबांत गेली. पत्नीला युरोपात नोकरी मिळाली, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही इकडे आलो. दिवसा मी एका गोदामात काम करतो. संध्याकाळी जवळच्या क्लबात दहा वर्षांखालच्या टीमचा असिस्टंट आहे, बिनपगारी. असिस्टंट म्हणजे कोन्स मांडायचे, बिब्स (टीम ओळखण्यासाठीच्या रंगीत बंड्या) वाटायच्या, लांब गेलेले बॉल आणायचे. इथली भाषा अजून तोडकीमोडकीच येते. बऱ्याच क्लबांना मेल केले, बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. मागच्या महिन्यात आमच्याच क्लबातली बारा वर्षांखालची टीम मोकळी झाली, ती एका बावीस वर्षांच्या मुलाला दिली. त्याचं अजून बी च्या खालचं सी लायसन्ससुद्धा पुरं झालेलं नाही. मला कुणी विचारलंही नाही.

मैदानावरही बरंच खटकतं. मुलं रांगेत उभी राहत नाहीत, पळण्याचा वेगळा सराव नाही, मॅच हरली तरी कुणाला काही वाटत नाही, कारण गुणतक्ताच नसतो. एकदा मी याबद्दल बोललो, तर मुख्य प्रशिक्षक नुसता हसला. पत्नी म्हणते, एखादा कोर्स करून पक्की नोकरी बघ. पुढच्या वर्षी मला चाळिशी लागेल. नव्याने सुरुवात करायचं वय राहिलं आहे का? फुटबॉल सोडू की थांबू?

(नाव न छापण्याची विनंती आहे.)

उत्तर

प्रिय कोच,

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. फुटबॉल सोडू नका. पण आत्ता जे करता आहात ते या सीझनबरोबर संपवा. पुढच्या सीझनला स्वतःची टीम मागा, मग ती क्लबातली सगळ्यात कच्ची टीम का असेना. या क्लबाने नाही दिली तर जो देईल त्याच्याकडे जा, चार पायऱ्या खाली उतरावं लागलं तरी.

परक्या देशात प्रशिक्षकाची पत लायसन्सवरून ठरत नाही आणि मेलवरून तर नाहीच नाही. टीम चालवताना तुम्हाला कुणीतरी बघावं लागतं. तुमच्या क्लबाने दोन वर्षं तुम्हाला अगदी जवळून पाहिलं. काय पाहिलं? वेळेवर येणारा, शांत, कुठलंही काम सांगा, नाही न म्हणणारा माणूस. लोक अशा माणसावर माया करतात, पण त्याच्या हाती टीम द्यावी हे त्यांच्या मनातच येत नाही. तुम्ही सेशन कसं आखता, हाफटाइमला काय बोलता, घाबरलेल्या गोलकीपरला कसं सावरता, हे त्यांनी पाहिलेलंच नाही.

त्या बावीस वर्षांच्या मुलाला टीम दिली याचं तुमचं दुःख मला कळतं. तुमच्या जागी कुणालाही ते लागलं असतं. पण क्लबाच्या बाजूने एकदा बघा. तो बहुधा त्याच मैदानावर खेळून मोठा झाला. कमिटीतले लोक त्याच्या आईवडिलांना ओळखतात. एखाद्या मुलाला लागलं तर पालकांना फोनवर नीट समजावून सांगता येईल याची त्यांना खात्री आहे. मुलांच्या टीमसाठी माणूस निवडताना डावपेचांचं ज्ञान फार खाली येतं, भरवसा वर असतो. तुमच्या लायसन्सला त्यांनी कमी लेखलं असं मला वाटत नाही, ते त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आणि कधीकधी नाव किंवा उच्चार ऐकूनच दार बंद होतं, हेही खरं आहे. तसं उघडपणे घडलं तर फुटबॉल संघटनेकडे तक्रार करता येते आणि जरूर करावी. मात्र न आलेल्या प्रत्येक मेलचा अर्थ तसा लावत बसलात तर मैदानावर जायचं बळच उरणार नाही.

पत आणि गुणवत्ता या दोन गोष्टी कशा वेगळ्या वाटांनी जातात हे बघायचं असेल तर जॉर्ज रेनरची गोष्ट बघा. हा इंग्लंडचा माणूस, खेळाडू म्हणून बेताचा. दुसऱ्या महायुद्धात तो बगदादमध्ये शारीरिक प्रशिक्षणाचं काम करत होता आणि तिथे त्याने फुटबॉलची एक टीम बांधली. ते काम इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या स्टॅनली राउस यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी १९४६ मध्ये त्याचं नाव स्वीडनला सुचवलं. पुढे रेनरच्या स्वीडनने १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं, १९५० च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवला आणि १९५८ मध्ये थेट अंतिम सामना गाठला. समोर ब्राझील होतं, सतरा वर्षांचा पेले होता. ५-२ ने हरले, पण अंतिम सामन्यात हरले! हा माणूस मायदेशी परतला तेव्हा त्याला काय मिळालं? स्केग्नेस टाउन नावाचा, मुख्य लीगच्या बाहेरचा एक छोटा क्लब. इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबांनी त्याचं काम बहुधा जवळून पाहिलंच नव्हतं. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेल्या माणसाची कीर्ती उत्तर समुद्र ओलांडू शकली नाही, तर तुमच्या दहा वर्षांच्या कामाची माहिती एका मेलच्या जोडपत्रातून पोचेल ही अपेक्षा करू नका. आणि ती पोचली नाही म्हणून ते काम हलकं होतं असंही समजू नका.

रेनरच्या गोष्टीतला बगदादचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे ना लीग होती, ना पैसा, ना प्रसिद्धी. एक टीम होती आणि ती त्याची होती.

आता लायसन्स. इथे तुम्ही थोडे गाफील राहिलात असं पत्रावरून वाटतं. युरोपात यूएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचा, प्रशिक्षकांसाठीचा करार १९९८ पासून आहे. सी, बी, ए, प्रो अशी चढती लायसन्सं आहेत आणि एका सदस्य देशाचं लायसन्स दुसऱ्या सदस्य देशात मानलं जातं. एएफसीचीही अशीच उतरंड आहे, नावंही तीच. पण एएफसीचा बी आपोआप यूएफाचा बी होत नाही. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू २०२१ मध्ये सेल्टिक या स्कॉटलंडच्या मोठ्या क्लबाला आले तेव्हा ऑस्ट्रेलियाला आशिया चषक आणि योकोहामा एफ. मॅरिनोसला जपानची लीग जिंकून देऊन आले होते. त्यांचं प्रो लायसन्स एएफसीचं होतं, म्हणून सेल्टिकला यूएफाकडे खास परवानगी मागावी लागली. ती मिळाली, पण मागावी लागली. तुमच्यामागे सेल्टिक नाही, तेव्हा तुमचा अर्ज तुम्हालाच करायचा आहे.

तो क्लबाकडे करायचा नसतो. देशाच्या फुटबॉल संघटनेत प्रशिक्षकांचं शिक्षण बघणारा विभाग असतो, त्याला लिहा. सोबत लायसन्सची प्रत, कोर्सचा अभ्यासक्रम आणि तास, कुठल्या वयोगटाच्या टीम किती वर्षं सांभाळल्या याची जुन्या क्लबाच्या सहीची नोंद, आणि या सगळ्याचं अधिकृत भाषांतर जोडा. लायसन्सची मुदत तपासा. यूएफाची लायसन्सं तीन वर्षांनी नूतनीकरणाला येतात आणि त्यासाठी त्या काळात किमान १५ तासांचं पुढचं प्रशिक्षण लागतं. एएफसीकडेही नूतनीकरण आहे, तुमचं लटकलं असेल तर आधी ते सोडवा. मुलांबरोबर काम करायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी पोलिसांचा दाखला, बालसुरक्षेचा छोटा कोर्स आणि प्रथमोपचार लागतातच. हे तिन्ही कागद खिशात असलेला माणूस कमिटीला सोपा वाटतो, कारण उद्यापासून कामाला लागू शकतो.

समजा संघटनेने उत्तर दिलं की तुम्हाला सी पासून सुरुवात करावी लागेल. मन खट्टू होईल. तरी करा. जे तुम्ही वर्षानुवर्षं शिकवलं तेच कुणीतरी पुन्हा तुम्हाला शिकवेल, आणि तुम्ही मान डोलवाल. पण त्या कोर्समध्ये त्या परिसरातल्या क्लबांचे प्रशिक्षक तुमच्याबरोबर असतील. प्रत्येकाला सगळ्यांसमोर सेशन घ्यावं लागतं. तुम्ही घ्याल आणि निरीक्षक वहीत लिहून घेईल. दोन वर्षं कोन्स उचलून जे झालं नाही ते त्या एका दुपारी होईल. या कोर्सेसमुळे मला परदेशातून आलेले अनेक प्रशिक्षक जवळून बघता आले. त्यांच्यातल्या बहुतेकांना पहिलं खरं काम जाहिरातीतून मिळालं नाही, कोर्समध्ये शेजारी बसलेल्या माणसाने केलेल्या फोनमुळे मिळालं.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. रांगा, पळण्याचा सराव, गुणतक्ता. तुम्हाला ही ढिलाई वाटते. इथे विचारपूर्वक तसं ठरवलेलं आहे. जर्मनीने २०२४-२५ च्या सीझनपासून अगदी लहान मुलांपासून अकरा वर्षांखालच्यांपर्यंत सगळ्यांना छोट्या टीमचे सामने सक्तीचे केले आणि या वयात गुणतक्ते बंद केले. अगदी लहान मुलं दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन खेळतात, छोट्या गोलवर. हेतू साधा आहे: प्रत्येक मुलाच्या पायाला बॉल जास्तीत जास्त वेळा लागावा, आणि जिंकण्याच्या धास्तीने प्रशिक्षकाने कच्च्या मुलांना बाकावर बसवू नये. रांगेत आठवा उभा असलेला मुलगा काहीच शिकत नसतो, हे तुम्हालाही ठाऊक असणार. मुख्य प्रशिक्षक हसला ते वाईट झालं, त्याने समजावून सांगायला हवं होतं. पण तुम्हीही ‘असं का करता?’ असं विचारलं होतं, की ‘हे चुकतं आहे’ असं सांगितलं होतं? नव्या देशात पहिला सीझनभर फक्त ‘का’ विचारावं. दुसऱ्या सीझनला लोक स्वतःहून तुमचं मत विचारतात.

याचा अर्थ जे आणलं आहे ते पुसून टाका असा नाही. बाहेरून आलेल्या माणसाला आतल्यांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात, आणि फुटबॉलचा बराचसा इतिहास अशाच माणसांनी घडवला आहे. जिमी होगन हा इंग्रज प्रशिक्षक पहिल्या महायुद्धाच्या आधी व्हिएन्नाला गेला. युद्ध सुरू होताच शत्रूदेशाचा नागरिक म्हणून अटकेत पडला, तिथून बुडापेस्टला पोचला आणि एमटीके क्लबातल्या कोवळ्या पोरांना बॉलवर ताबा ठेवायला, जमिनीवरून पास द्यायला शिकवत राहिला. इंग्लंडमध्ये त्या वेळी या गोष्टींना फार भाव नव्हता. २५ नोव्हेंबर १९५३ ला हंगेरीने लंडनमधल्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असं हरवलं आणि त्यानंतर हंगेरीच्या फुटबॉलमधल्या लोकांनी होगनचं ऋण उघडपणे मान्य केलं. तुमच्याकडे असं काहीतरी असेलच. खराब मैदानावर, मोजक्या बॉल्सवर, खूप मुलांना एकाच वेळी गुंतवून ठेवायची युक्ती कदाचित तुमच्याइतकी इथल्या कुणाला येत नसेल. ती शोधा आणि सेशनमधून दाखवा. त्यावर भाषण नको.

आता भाषा. यावर जरा थांबतो, कारण तुमची खरी अडचण इथे आहे आणि तिच्यातून वाटही इथूनच जाते.

अर्जेंटिनाचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा लीड्स या इंग्लिश क्लबात दुभाषी घेऊन वावरले. त्यांच्याच देशाचे पोचेत्तिनोही इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन क्लबात सुरुवातीला दुभाष्यामार्फतच बोलत. पण त्यांची उदाहरणं मी तुम्हाला देणार नाही, कारण त्यांच्या दिमतीला पगारी माणसं होती. तुमच्यासाठी मला फेरेन्क पुस्कास महत्त्वाचे वाटतात. १९५० च्या दशकातला हंगेरीचा आणि नंतर रेआल माद्रिदचा तो महान खेळाडू. प्रशिक्षक म्हणून त्यांनी पानाथिनाइकोस या ग्रीक क्लबाला १९७१ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात नेलं आणि पुढे ते देशोदेशी फिरत राहिले. १९८९ मध्ये ते मेलबर्नला आले, साउथ मेलबर्न या ग्रीक स्थलांतरितांच्या क्लबात. इंग्रजी तुटपुंजं. पण अथेन्समधल्या दिवसांमुळे ग्रीक येत होती. क्लबाचा कर्णधार अथेन्समध्ये जन्मलेला आणि पाच वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात आलेला. तोच पुस्कास यांचा दुभाषी झाला, आपल्या जुन्या गाडीतून त्यांची ने-आण करू लागला. १९९१ मध्ये त्या टीमने ऑस्ट्रेलियाची लीग जिंकली. तो कर्णधार म्हणजे वर ज्यांचा उल्लेख आला ते पोस्टेकोग्लू. आक्रमक फुटबॉलचं त्यांचं वेड त्या गाडीतल्या गप्पांमध्ये वाढलं, असं ते स्वतः सांगत आले आहेत.

असं इतरत्रही घडलं आहे. जर्मनीचे डेटमार क्रॅमर १९६० मध्ये जपानला गेले. राष्ट्रीय लीग सुरू करा, प्रशिक्षक घडवा, असा आग्रह त्यांनी धरला. १९६५ मध्ये लीग सुरू झाली, १९६८ च्या ऑलिम्पिकमध्ये जपानने कांस्यपदक मिळवलं. त्यांच्या बाजूला उभं राहून त्यांचं म्हणणं खेळाडूंपर्यंत पोचवणारे शुनिचिरो ओकानो पुढे जपान फुटबॉल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. इंग्लंडचे बॉबी रॉब्सन १९९२ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबात प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा त्यांचा दुभाषी होता जोसे मोरिन्हो, जो पुढे स्वतः जगप्रसिद्ध प्रशिक्षक झाला.

बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाशेजारी खेळावर जीव असलेला एक स्थानिक माणूस उभा राहिला की दोघांचंही भलं होतं. एकाला आवाज मिळतो, दुसऱ्याला शिक्षण. म्हणून माझी एक सूचना आहे, ती आधी रुचणार नाही. त्या बावीस वर्षांच्या मुलाकडे जा. त्याला म्हणा, ‘तुझ्या टीमसाठी मी सेशन आखून देतो, आपण दोघं मिळून घेऊ. मला भाषेत मदत कर.’ पहिल्यांदाच स्वतःची टीम हातात आलेला पोरगा आतून घाबरलेला असतो. पालकांचे फोन, रडणारी मुलं, सरावाला न येणारी मुलं, हे सगळं एकट्याच्या अंगावर आलेलं असतं. मदत मागायला त्याला लाज वाटत असेल. तुम्ही हात पुढे केलात तर तो बहुधा धरेल, आणि क्लबातल्या सगळ्यांना पहिल्यांदाच दिसेल की सेशन कुणाच्या डोक्यातून येतं आहे.

बाकी भाषेचं म्हणाल तर वर्गात जा, पण मैदानाची भाषा वर्गात मिळत नाही. मोठ्यांच्या मॅचला बाजूला उभे राहा आणि खेळाडू एकमेकांना काय ओरडतात ते वहीत लिहा. मागून माणूस येतो आहे, वेळ आहे, वळ, बाहेर काढ, थांबव त्याला. प्रत्येक देशात यासाठी एक-दोन शब्दांच्या हाका असतात. त्या तोंडात बसल्या की सेशन चालतं. समजावून सांगण्यापेक्षा करून दाखवा, ते मुलांना कुठल्याही भाषेत कळतं. पालकांच्या सभेसाठी मात्र लिहून न्या, आधी कुणाकडून तरी तपासून घ्या आणि संथपणे वाचा. अडखळत वाचणाऱ्या प्रशिक्षकाला पालक समजून घेतात. गप्प राहणाऱ्याबद्दल मात्र त्यांच्या मनात शंका येते.

आता कुठला क्लब. मोठ्या क्लबाची जर्सी घालून असिस्टंटचा असिस्टंट व्हायचा मोह होईल. तिथे निर्णय होतात त्या खोलीत तुम्हाला बसू देणार असतील तरच जा. मोरिन्होला रॉब्सनच्या शेजारी ती जागा मिळाली होती, म्हणून त्याचं दुभाषीपण फुकट गेलं नाही. तशी जागा नसेल तर लहान क्लब बरा. प्रशिक्षक ग्रॅहम पॉटर २०११ मध्ये इंग्लंडहून स्वीडनमधल्या ऑस्टरसुंडला गेले तेव्हा तो क्लब चौथ्या श्रेणीत होता. त्यांनी तिथे आपल्याला हवा तसा फुटबॉल खेळवला, खेळाडूंना मैदानाबाहेर रंगमंचावरही उभं केलं, आणि क्लब पायरी-पायरीने वर नेला. २०१७ मध्ये स्वीडिश कप जिंकला, २०१८ मध्ये युरोपा लीगमध्ये आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवलं. महिला फुटबॉलच्या प्रशिक्षक एमा हेस पंचविशीत इंग्लंड सोडून अमेरिकेत गेल्या आणि लाँग आयलंड लेडी रायडर्स या छोट्या टीमपासून सुरुवात केली. पुढे शिकागोतल्या क्लबाने त्यांना काढूनही टाकलं. त्यानंतरची चेल्सीतली वर्षं आणि २०२४ चं अमेरिकेसाठी जिंकलेलं ऑलिम्पिक सुवर्ण सर्वांना माहीत आहे. त्या दोघांनाही भाषेची किंवा पासपोर्टची सोय तुमच्यापेक्षा जास्त होती, हे मी विसरलेलो नाही. पण छोट्या ठिकाणी पूर्ण जबाबदारी घेण्याचा निर्णय तुमच्याही हातात आहे.

स्थलांतरितांनी उभे केलेले क्लबही बघा. मेलबर्नमधल्या ग्रीकांचा उल्लेख वर झाला. स्वीडनमध्ये पश्चिम आशियातून आलेल्या असिरियन लोकांचा असिरिस्का आणि कुर्दांचा डालकुर्द, दोन्ही क्लब देशाच्या सर्वोच्च लीगपर्यंत पोचले. अशा क्लबात तुटक्या भाषेचं कुणाला नवल वाटत नाही. परक्या उच्चाराची टीम सांभाळायला तिथे तुम्ही इतरांपेक्षा लायकच ठराल. फक्त तिथे स्थिरावल्यावरही संघटनेचे कोर्स आणि जिल्ह्याच्या बैठका सोडू नका. नाहीतर दहा वर्षांनी तुम्हाला तेवढेच लोक ओळखत असतील. मुलींच्या टीमही विसरू नका. पुष्कळ क्लबांत मुलींच्या टीमना प्रशिक्षक मिळत नाहीत, आणि तिथे जाणारा लायसन्सधारी प्रशिक्षक कमिटीला देवासारखा वाटतो.

वयाबद्दल एकच सांगतो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युवा संघातून बाहेर पडल्यावर पोस्टेकोग्लू यांना काम मिळेना. २००८ मध्ये, बेचाळिशीत, ते ग्रीसच्या तिसऱ्या श्रेणीतल्या क्लबात गेले. सेल्टिकला पोचले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. २०२५ मध्ये टॉटनहॅम या इंग्लिश क्लबाबरोबर युरोपा लीग जिंकली. तुम्हाला पुढच्या वर्षी चाळीस पूर्ण होतील.

आता घर. तुमची पत्नी तुमच्या विरोधात नाही. तिला शेवट न दिसणारी वाट दिसते आहे आणि तिचा प्रश्न रास्त आहे. तळच्या पातळीवर फक्त प्रशिक्षण करून घर चालवणारे इथले स्थानिकही फार थोडे असतात. बहुतेक जण शाळेत खेळ शिकवतात, सुट्टीतली शिबिरं घेतात, एकेका मुलाला वेगळं शिकवतात, किंवा सरळ दुसरी नोकरी करतात. तेव्हा ती म्हणते तो कोर्स आणि फुटबॉल हे एकमेकांचे शत्रू समजू नका. शारीरिक शिक्षण, मुलांची संगोपन केंद्रं, क्रीडा व्यवस्थापन, यांपैकी काही करता आलं तर पक्की नोकरीही लागेल आणि मुलांशी संबंधही तुटणार नाही. पैसे घेऊन शिकवण्याआधी तुमच्या व्हिसावर ते चालतं का हे नीट तपासा, अनेकदा परवानगी ठरावीक कामापुरतीच असते. आणि दोघं बसून एक मुदत ठरवा. मी दोन सीझन म्हणेन. त्या मुदतीत स्वतःची टीम, इथलं लायसन्स आणि भाषेची एक परीक्षा, या तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. तिन्ही झाल्या तर पुढे चला. एकही झाली नाही तर फुटबॉलला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी द्या आणि बाकीचं आयुष्य दुसऱ्या कामावर उभं करा. तसं केलंत तर तिला दिलेला शब्द पाळलात असं होईल, हरलात असं नाही.

क्लबाकडे कसं मागायचं? पुढच्या सीझनच्या टीम ठरायला सीझन संपायच्या बऱ्याच आधी सुरुवात होते, तेव्हा आत्ताच बोला. मुलांचा विभाग बघणाऱ्या माणसाला गाठा आणि इतकंच सांगा: ‘मी इथे दोन वर्षं आहे. पुढच्या सीझनला मला एक टीम स्वतः सांभाळायची आहे, कुठलीही चालेल. त्याआधी एक महिना माझं सेशन येऊन बघा.’ शेवटचं वाक्य विसरू नका, कारण त्यांना ‘हो’ म्हणायला तेच सगळ्यात सोपं आहे. महिन्याभराची सेशन आखून वहीत तयार ठेवा, वयोगट, उद्देश आणि आकृत्यांसह. सेशनचा व्हिडिओ घ्यायचा असेल तर मुलांच्या पालकांची लेखी परवानगी घ्या. गोदामातली नोकरी लपवू नका. दिवसभर तिथे राबून संध्याकाळी वेळेवर मैदानावर येणारा माणूस किती भरवशाचा असतो हे कमिटीतल्या लोकांना सांगावं लागत नाही, त्यांच्यातले निम्मे तसेच असतात. आणि हे मेलने विचारू नका. सराव संपल्यावर, बॉल पिशवीत भरून झाले की, समोर उभं राहून विचारा.